फेडरच्या डेस्कवरून ग्रँडएमए थ्रीवर: मूव्हिंग हेडची सुरुवात कुठून करायची?

निळी_जेल:
नमस्कार मंडळी. आजवरचं काम 24 फेडरच्या टू-प्रीसेट डेस्कवर झालंय. पार, फ्रेनेल, प्रोफाइल असे साधे दिवे आणि रंगीत जेल, एवढाच पसारा. आता एका नृत्यनाट्यासाठी ग्रँडएमए थ्री या संगणकी लाइटिंग कन्सोलची कमांड विंग (फेडर-बटणांचा भाग) मिळणार आहे. सोबत 6 स्पॉट मूव्हिंग हेड (कन्सोलवरून फिरवता येणारे दिवे, 24 चॅनल मोड), 4 शार्पी (बारीक झोताचे फिरते दिवे), 12 एलईडी पार (8 चॅनल) आणि नाट्यगृहाचे 24 डिमर. हातात तीन आठवडे आहेत. प्रयोग एकाच ठिकाणी नाहीत, आज गडकरी रंगायतन तर पुढच्या आठवड्यात बालगंधर्व, असा दौरा आहे. लॅपटॉपवर ऑनपीसी (याच कन्सोलचं सॉफ्टवेअर) उतरवून घेतलंय, पण समोर इतक्या खिडक्या उघडतात की आधी काय शिकायचं तेच कळत नाही. क्रम सांगाल का?

बार_क्रमांक_दोन:
पहिले दोन दिवस कन्सोल बाजूला ठेवा आणि कागदावर पॅच (कुठला दिवा कुठल्या चॅनलवर) लिहा. तुमचा सगळा संच एका युनिव्हर्सच्या, म्हणजे दिव्यांना हुकूम नेणाऱ्या एका डीएमएक्स लाईनच्या, 512 चॅनलमध्ये बसतो. स्पॉटचे पत्ते 1, 25, 49, 73, 97, 121. शार्पी 16 चॅनलवर धरले तर 145, 161, 177, 193. एलईडी पार 209 पासून आठ-आठच्या उडीने, शेवटचा 297 वर. डिमर सरळ 401 ते 424 वर टाका, म्हणजे डिमर 7 म्हणजे 407, तोंडपाठ राहतं. फिक्स्चर आयडीही (कन्सोलवर दिव्याला हाक मारायचे क्रमांक) तसेच ठरवा: स्पॉट 101 पासून, शार्पी 201, पार 301, डिमर 401.

शार्पीच्या बाबतीत एक गोष्ट नक्की तपासा. आपल्याकडे भाड्याने मिळणारा प्रत्येक 230 वॅटचा बीम ‘शार्पी’च असतो, नाव कुठलंही असो. त्यातल्या बहुतेकांना 16 आणि 20 चॅनल असे दोन मोड असतात. दिवा 20 वर आणि पॅच 16 वर राहिला, तर 145 चा दिवा 161 ते 164 ही शेजाऱ्याची पहिली चार चॅनलंही वाचतो. एकाचा रंग बदलायला जावं तर दुसराही काहीतरी करतो आणि दोष वायरीला दिला जातो. गोदामातच प्रत्येक दिव्याच्या मेनूत मोड आणि पत्ता बघा, दिव्यावर टेप लावून त्यावर लिहा. चॅनलांचा क्रमही सारखा असेलच असं नाही. त्या दिव्याच्या माहितीपत्रकातला चॅनलचा तक्ता मिळवा आणि कन्सोलच्या लायब्ररीतल्या त्या दिव्याच्या प्रोफाइलशी ताडून पाहा.

डिमर 100 वर आहे आणि तरी अंधार असेल, तर दहापैकी नऊ वेळा शटर बंद असतं किंवा लॅम्प पेटलेलाच नसतो. डिस्चार्ज लॅम्पला ‘लॅम्प ऑन’ द्यावं लागतं. गरम असताना विझला तर थंड होईपर्यंत काही मिनिटं तो पुन्हा पेटत नाही. म्हणून मध्यंतरात लॅम्प विझवू नका, नुसता डिमर शून्यावर घ्या.

आणि हे विसरू नका: मूव्हिंग हेड आणि एलईडी पार डिमरच्या सॉकेटवर लावायचे नाहीत. फेडर पूर्ण वर ठेवला तरी डिमरमधून येणारी वीज आतल्या पॉवर सप्लायला मानवत नाही. थेट लाईन मागून घ्या.

विंगेतून:
पॅच झाला की थेट क्यू (साठवलेले प्रकाशबदल) करायला बसू नका, नवीन माणूस इथेच चुकतो. फेडरच्या डेस्कवर क्यू म्हणजे आकडे. इथे क्यूमध्ये आकडे राहता कामा नयेत, प्रीसेटची (नाव देऊन साठवलेल्या जागा, रंग वगैरेंची) नावं राहायला हवीत. दौऱ्यासाठी तर याला पर्याय नाही. प्रत्येक नाट्यगृहात बारची उंची आणि पडद्यापासूनचं अंतर वेगळं. 60 क्यूंमध्ये पॅन-टिल्टचे (दिव्याच्या आडव्या-उभ्या फिरण्याचे) कच्चे आकडे असतील तर दर प्रयोगाला 60 क्यू दुरुस्त करत बसाल. प्रीसेट असतील तर आठ-दहा जागा दुरुस्त केल्या की सगळे क्यू आपोआप जागेवर येतात.

आधी ग्रुप: सगळे स्पॉट, सम, विषम, डावीकडचे, उजवीकडचे, तसेच शार्पीचे. मग प्रीसेट. एमएमध्ये प्रीसेटचे पूल (गट) ठरलेले आहेत: 1 डिमर, 2 पोझिशन, 3 गोबो (नक्षीची चकती), 4 रंग, 5 बीम, 6 फोकस. पोझिशन अशा घ्या: मध्य-पुढे, मध्य-मागे, डावी विंग, उजवी विंग, सायक्लोरामा (मागचा मोठा पडदा), सरळ खाली, प्रेक्षकांवर पंखा. उदाहरणार्थ:

फिक्स्चर 101 थ्रू 106 ॲट 100 प्लीज

(एंटरच्या जागी या कन्सोलवर ‘प्लीज’चं बटण आहे.) मग हायलाइट (निवडलेला दिवा उठून दिसतो) दाबा आणि नेक्स्टने एकेक दिवा पुढे घेत मध्य-पुढच्या खुणेवर आणा. सहाही बसले की पुन्हा सगळे निवडा आणि ‘स्टोअर प्रीसेट 2.1 प्लीज’. पोझिशन सिलेक्टिव्हच हवी, कारण प्रत्येक दिवा वेगळ्या जागी टांगलेला असतो. रंग ग्लोबल ठेवा, म्हणजे एका स्पॉटवर घेतलेला निळा त्याच जातीच्या सगळ्यांना लागू होतो.

क्यू करताना प्रीसेट दाबल्यावर एन्कोडर (किंमत बदलायचं चाक) जरासा जरी फिरवला तरी त्या दिव्याचा प्रीसेटशी धागा तुटतो आणि क्यूमध्ये आकडा बसतो. सिक्वेन्सची (क्यूंच्या यादीची) ट्रॅकशीट उघडा. जिथे ‘मध्य-पुढे’च्या जागी आकडा दिसेल, तो क्यू पुढच्या नाट्यगृहात दगा देणार. दर दहा क्यूंनंतर ही तपासणी करा.

निळी_जेल:
फार उपयोगी, धन्यवाद दोघांनाही. लॅपटॉपवर ग्रुप आणि रंग करून पाहिले. दोन अडचणी आल्या. एक, क्यू 4 मधला निळा बदलून लाल केला तर क्यू 5 आणि 6 पण लाल झाले, त्यांना हातही लावला नव्हता. दोन, काही दिवे गो (पुढच्या क्यूचं बटण) दाबूनही जागचे हलत नाहीत. सॉफ्टवेअर बिघडलंय का?

विंगेतून:
बिघडलेलं काही नाही. पहिलं आहे ट्रॅकिंग. हे कन्सोल क्यूमध्ये फक्त बदल साठवतं. क्यू 5 ला रंगाबद्दल काही सांगितलेलं नसेल तर 4 चा रंग पुढे वाहत राहतो. बदल एकाच क्यूपुरता हवा असेल तर स्टोअर करताना ‘क्यू ओन्ली’ निवडा. नाचाचा प्रत्येक नवा भाग जिथे सुरू होतो, त्या क्यूमध्ये मात्र सगळ्या दिव्यांचं सगळं साठवा, म्हणजे मागचा बदल तिथे अडतो.

दुसरं, प्रोग्रामर (हाताने दिलेल्या किमती जिथे राहतात तो भाग) भरलेला आहे. तुम्ही हाताने दिलेली किंमत क्यूपेक्षा वरचढ असते. क्लिअर तीनदा: पहिल्याने निवड जाते, दुसऱ्याने किमती निष्क्रिय होतात, तिसऱ्याने प्रोग्रामर रिकामा होतो. स्टोअर झाल्यावर आणि प्रयोग सुरू होण्याआधी तीनदा क्लिअर, बोटांना ही सवयच लावा.

कन्सोल_कट्टा:
अंधारातल्या हालचालीबद्दल अजून कोणी बोललं नाही, नृत्यनाट्यात तीच सगळ्यात आधी उघडी पडते. ब्लॅकआऊट होतो, पुढच्या क्यूला स्पॉट उजव्या विंगेवर पेटायचा असतो, आणि तो पेटत पेटत अख्ख्या रंगमंचावरून फिरत जातो. सिक्वेन्स शीटमध्ये एमआयबीचा (‘मूव्ह इन ब्लॅक’, अंधारात हालचाल) रकाना आहे, त्या क्यूला तो चालू करा. दिवा अंधारात असतानाच जागेवर जाऊन थांबतो. पण त्याला तेवढा अंधार मिळायला हवा. अर्ध्या सेकंदाच्या ब्लॅकआऊटमध्ये कुठलाही हेड अर्धं वर्तुळ फिरत नाही. मग त्या जागेसाठी दुसरा, रिकामा असलेला दिवा वापरा.

संथ हालचाल थरथरत असेल तर दिवा 8-बिट मोडवर आहे का पाहा. 540 अंशांचा पॅन 256 पायऱ्यांत विभागला तर एक पायरी 2.1 अंशांची, म्हणजे 8 मीटरवर जवळजवळ 29 सेंटिमीटरची उडी. 16-बिटमध्ये हीच पायरी साधारण एका मिलिमीटरवर येते.

फेजर (सतत चालणारे हालचालीचे इफेक्ट) तीन आठवड्यांत शिकूच नयेत असं काहीजण सांगतात. मला ते पटत नाही. एकच शिका: टिल्टचा दोन स्टेपचा, रिलेटिव्ह, फेज 0 थ्रू 360 (म्हणजे दिवे एकामागून एक हलतात), वेग 10 बीपीएमच्या आसपास. रिलेटिव्ह असल्यामुळे खालची पोझिशन बदलली तरी डोलणं तसंच राहतं. संथ आलापाला शार्पीच्या चार रेषा एकामागून एक झुकल्या की तेवढं पुरेसं दिसतं. गरगर चकरा मारणारे बाकीचे इफेक्ट लग्नाच्या हॉलसाठी राहू द्या.

बार_क्रमांक_दोन:
वायरीबद्दल. एका डीएमएक्स लाईनवर 32 पर्यंत दिवे चालतात आणि तुमचे 22 अधिक डिमर आहेत, पण सगळे एका माळेत ओवू नका. स्प्लिटर (एक लाईन अनेक माळांत वाटणारा डबा) घ्या: मागचा बार, पुढचा बार आणि डिमर वेगळे. माईकची केबल वापरू नका, डीएमएक्ससाठी 120 ओहमच्या आसपासची लागते. प्रत्येक माळेच्या शेवटच्या दिव्यात टर्मिनेटर हवाच. कनेक्टरमध्ये पिन 2 आणि 3 मध्ये 120 ओहमचा रेझिस्टर झाळला की झाला. शेवटचे दोन-तीन दिवेच मध्येच झटके देत असतील तर आधी तो बघा.

निळी_जेल:
आणि नवीन नाट्यगृहात पोचल्यावर? फोकसला जेमतेम तासभर मिळतो.

विंगेतून:
आधी पाच मिनिटं प्रत्येक दिवा एकेक करून: पेटतो का, पॅन बरोबर दिशेने जातो का. बार उलटा टांगला गेला असेल तर पॅचमध्ये त्या दिव्याचा पॅन इन्व्हर्ट करा, प्रीसेट त्यानंतर. मग रंगमंचावर चिकटपट्टीने मध्य-पुढे, मध्य-मागे आणि दोन्ही विंगांच्या खुणा करा आणि एक माणूस त्यांवर उभा करा. प्रीसेट 2.1 लावा, हायलाइट, नेक्स्ट, सहा दिवे जागेवर, अपडेट, यादीतून तोच प्रीसेट, क्लिअर. दर पोझिशनला तीन-चार मिनिटं धरा. प्रेक्षकांवरचा पंखा सगळ्यात शेवटी, तो थोडा इकडेतिकडे चालतो. वेळ उरला तर पहिल्या आणि शेवटच्या क्यूची प्रत्यक्ष चाचणी घ्या. मग शो त्या नाट्यगृहाच्या नावाने वेगळा सेव्ह करा, एक प्रत पेनड्राईव्हवर. पुढच्या वेळी त्याच ठिकाणी गेलात की निम्मं काम झालेलं असेल.