जळगावात राहून कम्युनिकेशनवाल्यांच्या संघटनेचं सभासद व्हावं का?

तापीकाठ (जळगाव):
नमस्कार मंडळी. मी एका सामाजिक संस्थेत कम्युनिकेशनचं काम बघते, सहा वर्षं झाली. प्रेसनोट, वार्षिक अहवाल, फेसबुक पेज, रील, बॅनर सगळं एकटीच करते. ऑफिसातले बाकीचे सगळे शेती नाहीतर आरोग्यवाले, त्यामुळे माझ्या कामात काही अडलं तर विचारू कोणाला?
मागच्या महिन्यात धडगावकडच्या एका पाड्यावर गेलो होतो. एक बाई लेकरू कडेवर घेऊन दारात उभी होती, मी फोटो काढू का विचारलं, ती हसून हो म्हणाली. फोटो इतका छान आला की साहेब म्हणाले अहवालाच्या कव्हरवर घ्या. आता तिथं तिच्या डोक्याच्या वरच मोठ्या अक्षरात 'कुपोषण' छापणार आणि ते पुण्या-मुंबईच्या देणगीदारांना जाणार, याला ती थोडीच हो म्हणाली होती? मी नको म्हटलं तर साहेब म्हणे, "असं कुठं लिहिलंय?" आणि माझ्याकडं दाखवायला काहीच नव्हतं. फार लागलं मनाला.
तेव्हापासून वाटतंय की आपल्या क्षेत्रातल्या एखाद्या संघटनेत जावं. पण इकडं एक जण १५०० रुपयात 'मीडिया संघटनेचं' कार्ड देतो म्हणून सारखा फोन करून राहिलाय. घेऊ का? आणि नसेल घ्यायचं तर मग कुठं जाऊ?

जुना_प्रेसनोटवाला (धुळे):
ताई, ते कार्ड अजिबात घेऊ नका. पैसे दिले की लगेच कार्ड आणि गाडीवर लावायला स्टिकर, याला संघटना म्हणत नाहीत. पत्रकारांची अधिस्वीकृती, म्हणजे अधिकृत मान्यता, सरकारकडून मिळते, माहिती व जनसंपर्क महासंचालनालयामार्फत, कोणतीही खासगी संघटना ती देऊ शकत नाही. आणि तुमचं काम तर पत्रकारितेचं नाहीच, जनसंपर्काचं आहे. हे दोन्ही आपल्याकडं लोक एकाच टोपलीत टाकतात, तिथंच सगळा घोळ होतो. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५चा कायदा झाला, त्यांच्या संघटना पगार-नोकरीसाठी भांडत आल्या, तो रस्ता वेगळा.
तुमच्या कामाची संघटना म्हणजे पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया, १९५८ची. २१ एप्रिल १९६८ला दिल्लीत त्यांची पहिली अखिल भारतीय परिषद झाली आणि तिथं त्यांनी आचारसंहिता स्वीकारली, म्हणून २१ एप्रिल हा जनसंपर्क दिन. ती संहिता मुळात १९६५ला अथेन्समध्ये ठरलेली, आणि तिचा पाया आहे संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा. माणसाची प्रतिष्ठा जपा हे त्यात स्पष्ट आहे. साहेबांना प्रिंट काढून दाखवा, कुठं लिहिलंय तर इथं लिहिलंय.
फक्त एक लक्षात ठेवा, या संहितेच्या मागं पोलीस नाही. फार तर संघटना आपल्या सभासदावर कारवाई करेल, तुमचे साहेब सभासद नसतील तर त्यांना कोणी काही म्हणणार नाही. तरी हातात कागद असला की बोलायला बळ येतं, हे मी नोकरीत असताना अनुभवलंय.

शहादेकर:
मी मशिनरीची मॅन्युअलं लिहितो, घरूनच. आमच्या क्षेत्रात अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन होती, १९५३पासूनची, भारतातही तिचा चॅप्टर, म्हणजे शाखा, होती. जानेवारी २०२५मध्ये दिवाळखोरी जाहीर करून बंदच झाली. इतकी जुनी संस्था गेली तेव्हा खरंच वाईट वाटलं. पण तिच्यामुळं झालेल्या ओळखी आजही टिकून आहेत, काही अडलं की फोन लावतो. म्हणून ताई, फी भरायच्या आधी एवढंच बघा की तिथं फोन उचलणारी माणसं आहेत का. आणि मीटिंगा बहुतेक मुंबई-पुण्यालाच, आपल्याकडून रात्रभराची गाडी, जाण्यायेण्याचा आणि सुट्टीचा हिशोब धरूनच ठरवा.

भूमिपुत्र_साक्री:
ताई, मी बी तुमनासारखाच शे, पाणलोटच्या प्रोजेक्टवर एकटाच कम्युनिकेशनवाला. मोठ्या संघटनेत जरूर जा, पण आपण इकडचे पाच-सात जण महिन्यातून एकदा बसलो तर जास्त उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं. विद्यापीठात मास कम्युनिकेशन शिकणारी पोरं पण येतील. सोसायटी रजिस्टर करायला १८६०च्या कायद्यानं सात जण लागतात, पण ते नंतर बघू, आधी बसायला तर लागू.
आणि फोटोचं म्हणाल तर मी आता असं करतो. त्यांच्याच बोलीत, म्हणजे तिकडं पावरीत, गावातल्याच कोणाकडून विचारून घेतो की हा फोटो कुठं छापणार, वर काय लिहिणार, कोण बघणार. उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करतो. आणि नुसता फोटो न दाखवता छापून कसा दिसेल ते पान दाखवतो. मागं एका आजोबांनी पान बघून सांगितलं, फोटो राहू दे पण ते 'गरीब' काढ, माझी चार एकर जमीन आहे. काढलं.

तापीकाठ:
सगळ्यांचे खूप आभार. कार्डवाल्याला नाही म्हणून कळवलं. संहितेची प्रिंट साहेबांच्या टेबलावर ठेवली, त्यांनी पूर्ण वाचली आणि म्हणाले बाईंना विचारून या. बुधवारी आमची गाडी धडगावला जातेय, कव्हरची रंगीत प्रिंट आणि सोबत पावरी बोलणारी आमची कार्यकर्ती घेऊन जाते. ती नको म्हणाली तर तिच्या अंगणात वाळत घातलेल्या मक्याच्या कणसांचा फोटो आहे, तो घेऊ. साक्रीवाले भाऊ, पहिल्या बैठकीला जळगावला या, जागेचं मी बघते.