नवऱ्याची शोअर ड्युटी आणि पुढे अणुवीज केंद्रातली नोकरी : सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

माझा नवरा अमेरिकेच्या नौदलात पाणबुडीवर आहे, न्यूक्लिअर शाखेतला इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियन. पॅनेलवर रिॲक्टर ऑपरेटर म्हणून, म्हणजे अणुभट्टी चालवायला बसतो आणि गेल्या वर्षी इंजिनिअरिंग वॉच सुपरवायझरही (वॉच म्हणजे पाळी; इंजिन विभागातल्या पाळीवर देखरेख करणारा) झाला. आता समुद्रावरचा काळ संपत आलाय, पुढची तीन वर्षं किनाऱ्यावर. डिटेलरने (नौदलात नेमणुका ठरवणाऱ्याने) दोन जागा सुचवल्यात आणि त्याला उत्तर लवकर हवंय.

पहिली जागा साउथ कॅरोलायनात, चार्ल्स्टनजवळ गूज क्रीकला, प्रोटोटाइपवर, म्हणजे नौदलाच्या प्रशिक्षण अणुभट्टीवर, इन्स्ट्रक्टरची. तिथे 'ला जोला' आणि 'सॅन फ्रान्सिस्को' या जुन्या पाणबुड्या धक्क्याला कायमच्या बांधल्या आहेत आणि त्यांच्या अणुभट्ट्यांवर नवी मुलं शिकतात. पाळ्या बारा-बारा तासांच्या, रात्रीच्याही. दुसरी जागा रिक्रूटिंगची, म्हणजे नौदलात भरती करण्याची. तिथे भट्टीशी काही संबंध नाही, शाळाशाळांतून जाऊन मुलांशी बोलायचं.

त्याला रिक्रूटिंग हवंय, आणि त्याचं कारण आमची मुलगी आहे. ती चार वर्षांची झाली, त्यातला बराच काळ बाबा पाण्याखाली होता. रात्रपाळी नको, संध्याकाळी घरी यावं, उरलेल्या वेळात पदवी पूर्ण करावी असं तो म्हणतो. न्यूक्लिअर स्कूलच्या अभ्यासाचं क्रेडिट एक्सेलसिअर आणि थॉमस एडिसन ही दोन विद्यापीठं देतात, त्यामुळे फार विषय उरणार नाहीत.

मला धास्ती वेगळीच आहे. नौदल सोडल्यावर त्याला वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्येच जायचंय. नौदलातल्या क्वालिफिकेशनवर तिथला परवाना मिळत नाही, एवढं मला कळलंय. तो अणुऊर्जा नियामक आयोगाकडून, त्या त्या केंद्रापुरताच मिळतो. आधी दीड-दोन वर्षांचा वर्ग, मग लेखी परीक्षा आणि सिम्युलेटरवरची परीक्षा. तीन वर्षं भट्टीपासून लांब राहिलेल्या माणसाला त्या वर्गात कोण घेईल? मुलाखतीत शेवटची नेमणूक बघतात की पाणबुडीवर कोणती वॉच केली ते? आणि थेट सीनियर रिॲक्टर ऑपरेटरच्या (कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरांवर देखरेख करणाऱ्याच्या) वर्गासाठी अर्ज करावा, की आधी विनापरवाना ऑपरेटर (कंट्रोल रूमबाहेरची यंत्रं सांभाळणारा, ज्याला परवाना लागत नाही) म्हणून शिरावं?

त्याच्या मनाविरुद्ध काही लादायचं नाहीये मला. पण मुलीसाठी आज घेतलेला निर्णय पुढे त्यालाच जड जाऊ नये, एवढीच काळजी आहे.

प्रतिसाद

ताई, मी आधी पाणबुडीवर होतो, मग प्रोटोटाइपवर शिकवलं. आता एका केंद्रात सीनियर रिॲक्टर ऑपरेटर आहे. माझ्या अनुभवावरून सांगतो.

अर्जात सगळ्यात आधी बघतात ती वॉच. इंजिनिअरिंग वॉच सुपरवायझर हे त्यांना नीट कळतं आणि ते तुमच्या यजमानांकडे आहे. त्यामुळे रिक्रूटिंग घेतलं म्हणून दार बंद होत नाही. आमच्याकडे तसे आलेले लोक आहेत. पण त्यातल्या बहुतेकांनी विनापरवाना ऑपरेटर म्हणून सुरुवात केली. व्हॉल्व्ह, पंप, टर्बाइन हॉल असं सगळं पायाखाली घातलं आणि मग वर्गात गेले. हा रस्ता लांबचा असला तरी कमी प्रतीचा नाही. केंद्र आतून ओळखणारा माणूस कंट्रोल रूममध्ये उठून दिसतो.

हात गंजतील याची धास्ती मात्र थोडी कमी करा. तसंही बरंच नव्याने शिकावं लागतं. पाणबुडीची भट्टी हुकूम येईल तशी वर-खाली होते, आमची महिनोन्महिने १०० टक्क्यांवर स्थिर असते. प्रेशराइज्ड वॉटर केंद्रात (जिथे भट्टीतलं पाणी दाबाखाली ठेवून उकळू देत नाहीत) पाण्यात बोरॉन विरघळवून अणुविखंडनाची प्रक्रिया ताब्यात ठेवतात, ते त्यांनी पाणबुडीवर केलेलं नसेल. आणि देशातल्या सुमारे एक तृतीयांश भट्ट्या बॉइलिंग वॉटर प्रकारच्या, म्हणजे भट्टीतच पाण्याची वाफ करणाऱ्या आहेत, तिथे तर सगळाच नवा संसार.

तरी मी प्रोटोटाइपच सांगेन. मुलाखतीत विचारतात, काम थांबवायची वेळ कधी आली आणि काय केलंत? एका रात्री माझ्या विद्यार्थ्याचा हात चुकीच्या स्विचकडे गेला आणि मी नुसतं 'थांब' म्हणालो. मग आम्ही दोघांनी कार्यपद्धती पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचली. मुलाखतीत मी तेच सांगितलं. असे प्रसंग तिथे सतत घडतात. शिवाय बारा तासांच्या पाळ्या वीज केंद्रातही चुकत नाहीत. तुमच्या घराला त्या झेपतात का, हे आधीच कळलेलं बरं.

आणि रिक्रूटिंगमध्ये संध्याकाळ घरी मिळेलच असं धरू नका. भरतीचं लक्ष्य डोक्यावर असतं, मुलांच्या आईवडिलांना भेटायचं ते संध्याकाळीच.

स्किलब्रिज या सैन्य सोडणाऱ्यांसाठीच्या योजनेबद्दलही विचारून ठेवा. कमांडने परवानगी दिली तर नोकरीचे शेवटचे काही महिने नागरी कंपनीत काम शिकता येतं.

मूळ लेखिका

मनापासून आभार. संध्याकाळचा मुद्दा आम्हा दोघांच्याही लक्षात आला नव्हता, आज त्याला हे सगळं वाचून दाखवते. एकच विचारायचं राहिलं. पाळ्या सांभाळून पदवीचे किती विषय झेपले तुम्हाला?

प्रतिसाद

दर सत्राला एक. दोन घेतले तेव्हा एक सोडावा लागला.