सायकलचे खास कपडे: रोजच्या वाटेला लागतातच का?

घाटमाथा (धागाकर्ता): नवी सायकल घेतली की पहिला सल्ला मिळतो पॅडेड शॉर्ट (बुडाखाली मऊ पॅड शिवलेली घट्ट चड्डी) आणि जर्सी (सायकलचा अंगाबरोबरचा टी-शर्ट) यांचा. माझं मत वेगळं आहे. रोजच्या १०-१५ किमीला ट्रॅक पँट आणि पॉलिएस्टरचा टी-शर्ट पुरे. नेदरलँड्समध्ये लोक ऑफिसच्या कपड्यांत सायकल चालवतात, कारण तिथल्या सायकलीच तशा असतात: उंच हँडल, पूर्ण चेनकव्हर, मडगार्ड. आपल्या जुन्या काळ्या सायकलीलाही हे सगळं होतं. हल्लीच्या हायब्रिडवर (रोड आणि माउंटन बाइकच्या मधल्या सायकलीवर) बहुधा यातलं काहीच नसतं. तेव्हा आधी मडगार्ड आणि कॅरिअर बसवा. बॅग पाठीवरून उतरली की शर्ट निम्मा वाचतो.

चेनरिंग: अजिबात पटलं नाही. मुद्दा किलोमीटरचा नाही, सलग किती वेळ बसता याचा आहे. जीन्सच्या चार शिवणी नेमक्या जिथे बसतो तिथे एकत्र येतात. तासाभरात घाम, दाब आणि घर्षण मिळून कातडी सोलते, मग त्यावर फोड. पॅडच्या मधोमध शिवण नसते, म्हणून पॅडेड शॉर्ट हवा. मात्र आत अंडरवेअर घालायची नाही. घातली की तिची शिवण आणि ओल पुन्हा तिथेच. दर वेळी धुवायचा, सॉफ्टनर न घालता, कारण त्याचा थर बसला की कापड घाम ओढत नाही. उलटा करून सावलीत वाळवा. बाहेरून कोरडा लागला तरी पॅड आतून ओला असतो, हे तपासा.

घाटमाथा: तासाभराच्या पुढे मान्य. पण बुड दुखतं म्हणून पॅड घेणारे सीटची उंची बघतच नाहीत! टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. सीट उंच असेल तर कंबर डावी-उजवी डोलते आणि घासतं. पॅडने ते नुसतं झाकलं जातं, थांबत नाही. जाड जेलचं कव्हरही नको. हाडं त्यात रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो.

सरिता_क: तुम्ही दोघंही पँटच धरून बसलात. ओढणी मागच्या चाकात गेली तर चाक जागीच अडकतं, हा धोका फोडांपेक्षा मोठा आहे. ओढणी तिरकी घेऊन कमरेला घट्ट बांधा, किंवा मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या. सलवारीचा आणि सैल पँटचा उजवा पाय पट्ट्याने बांधायचा, कारण चेन त्याच बाजूला असते.

चेनरिंग: बरोबर, हे आधी यायला हवं होतं. सुती टी-शर्टबद्दलही सांगतो: कात्रजचा घाट चढताना तो घामाने चिंब होतो आणि उतारावर वारा लागला की अंग गारठतं. आणि २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) १३ तास ३० मिनिटांत संपवायची असते. तिथे ट्रॅक पँट चालेल म्हणता का?

घाटमाथा: नाही, तिथे पॅडच हवा. रात्री परावर्तक जाकीटही, तो तर ब्रेव्हेचा नियमच आहे. पण माझा धागा ऑफिसला जाणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांनी पहिला खर्च मागच्या लाल दिव्यावर करावा.