फोन कट करून नंबर ब्लॉक करणं पुरेसं नाही

आयकर खात्याच्या नावाने पैसे उकळणारे खोटे फोन आले तर 'नंबर ब्लॉक केला की विषय संपला', असं वर एकाने लिहिलंय, ते पटत नाही. दुसऱ्या नंबरावरून या भामट्यांचे फोन पुन्हा येतातच. देवगडला आमच्या काकांना ऐन आंब्याच्या हंगामात असाच फोन आला: पेटीच्या पैशांवर कर थकलाय, आत्ताच भरा नाहीतर अटक. बागेचं उत्पन्न शेतीचं, त्यावर आयकर नाही, तरी माणूस घाबरतोच!

इथे कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या नोटिशीवर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. तो खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. काकांनी क्रमांक मागताच समोरचा शिव्यांवर आला. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जितकं लवकर, तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.