डेरेक जीटर: २००४ मध्ये शॉर्टस्टॉपची जागा कोणाची होती?

धागाकर्ता

न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाच्या डेरेक जीटरला २०२० मध्ये हॉल ऑफ फेमसाठी (थोर खेळाडूंना मिळणारा मान) ३९७ पैकी ३९६ मते मिळाली. ३,४६५ हिट्स (बॅटरचे यशस्वी फटके), पाच वर्ल्ड सीरिज (अंतिम मालिका) विजेतेपदे आणि वीस हंगाम एकाच संघाकडून, अशा कारकिर्दीबद्दल माझा कोणताही वाद नाही. माझा आक्षेप एकाच निर्णयाला आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये यांकीजनी ॲलेक्स रॉड्रिगेझला टेक्सास संघाकडून घेतले. २००२ आणि २००३ अशी लागोपाठ दोन वर्षे शॉर्टस्टॉप म्हणून गोल्ड ग्लोव्ह (उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) मिळवलेला हा खेळाडू थर्ड बेसवर गेला आणि तोवर एकही गोल्ड ग्लोव्ह नसलेला जीटर आपल्या जागी कायम राहिला.

क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी थोडे स्पष्टीकरण देतो. बेस म्हणजे धाव घेताना ज्यांना क्रमाने शिवत जायचे ते टप्पे. शॉर्टस्टॉप हा क्षेत्ररक्षक सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये उभा राहतो, आणि उजव्या हाताच्या बॅटरनी जोरात ओढलेले चेंडू बहुधा त्याच बाजूला जात असल्यामुळे त्याच्या वाट्याला फार काम येते. चेंडूपर्यंत पोहोचून तो हातातून सुटला, तर एरर नोंदवला जातो. पण चेंडूपर्यंत पोहोचताच आले नाही, तर तो बॅटरचा हिट ठरतो आणि क्षेत्ररक्षकाच्या नावावर काहीच लागत नाही. जीटरचा दोष नेमका या न नोंदल्या जाणाऱ्या भागात होता. विशेषतः त्याच्या डावीकडून, सेकंड बेसच्या अंगाने जाणारे चेंडू त्याच्या आवाक्याबाहेर राहत. क्षेत्ररक्षकाने किती धावा वाचवल्या याचा जो हिशेब २००३ पासून ठेवला जातो, त्यात त्याचा आकडा जवळजवळ प्रत्येक हंगामात उणे आहे आणि एकूण तूट शंभर धावांहून अधिक आहे.

प्रतिसाद १

असहमत. जून २००३ मध्ये ज्याला कर्णधार केले, त्याला आठ महिन्यांत बाहेरून आलेल्या खेळाडूसाठी हलवले असते, तर त्या कर्णधारपदाला अर्थ काय उरला असता? शिवाय शॉर्टस्टॉपचे मोल केवळ पल्ल्याने मोजता येत नाही. १३ ऑक्टोबर २००१ ची ओकलंडविरुद्धची लढत आठवा. पाच सामन्यांच्या मालिकेत यांकीज ०-२ असे मागे होते आणि त्या सामन्यात १-० ने पुढे होते. उजव्या बाजूच्या सीमेकडून आलेला थ्रो मधल्या दोन्ही सहकाऱ्यांच्या डोक्यावरून गेला. जीटर स्वतःची जागा सोडून फर्स्ट बेसच्या रेषेपर्यंत धावत आला, त्याने तो चेंडू उचलून बाजूला होम प्लेटवर (धाव पूर्ण होते ती जागा) यांकीजचा कॅचर पोसाडाकडे टाकला आणि धाव घेणारा ओकलंडचा जेरेमी गियांबी बाद झाला. यांकीजनी सामना १-० ने आणि पुढे मालिकाही जिंकली. हे प्रसंगावधान कोणत्या तक्त्यात धरता?

धागाकर्ता

तो क्षण मलाही अतिशय प्रिय आहे, परंतु एका अलौकिक चेंडूने हंगामभर निसटणाऱ्या चेंडूंची भरपाई होत नाही. कर्णधारपदाविषयी आपण जे लिहिले, त्याचाच मी उलट अर्थ लावतो. संघाच्या हितासाठी जागा सोडण्याचा अधिकार सर्वांत जास्त कर्णधारालाच असतो. रॉबिन याउंट खांद्याच्या दुखापतीनंतर १९८५ मध्ये शॉर्टस्टॉप सोडून आउटफिल्डला (बेसच्या पलीकडच्या मैदानात) गेला आणि १९८९ मध्ये तिथे खेळतानाच त्याने लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान दुसऱ्यांदा मिळवला. कॅल रिपकेनही १९९७ मध्ये थर्ड बेसवर गेला. जीटर मात्र वीस वर्षांत क्षेत्ररक्षणासाठी दुसऱ्या कोणत्याही जागी एकदाही उभा राहिला नाही.

प्रतिसाद २

न्यू जर्सीत राहून ही सगळी वर्षे पाहिलेली असल्यामुळे लिहिते. १ जुलै २००४ रोजी बॉस्टनविरुद्ध बाराव्या डावात उंच उडालेला चेंडू धावत जाऊन पकडून जीटर वेगाच्या भरात प्रेक्षकांत कोसळला आणि रक्ताळलेल्या चेहऱ्याने बाहेर आला. त्या जागेवर त्याने हक्क सांगितला असेल, तर त्याची किंमतही मोजली. दुसरे असे की, रॉड्रिगेझचे यात नुकसान झाले नाही. थर्ड बेसला जो दमदार थ्रो लागतो, तो त्याच्याकडे होता, आणि तिथे खेळूनच तो २००५ आणि २००७ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जीटरलाही पुढे पाच गोल्ड ग्लोव्ह मिळाले.

प्रतिसाद ३

गोल्ड ग्लोव्हचा दाखला नको. तो मान त्या काळी प्रशिक्षक आणि व्यवस्थापकांच्या मतांवर ठरत असे, आणि त्यांच्यावर नावाचा प्रभाव पडे. २०१० मध्ये जीटरचे केवळ सहा एरर होते, म्हणून तो पुन्हा विजेता ठरला. वर धागाकर्त्यांनी सांगितलेली गोष्टच इथे दिसते, कारण जिथवर पोहोचलोच नाही तिथे एररही होत नाही.

प्रतिसाद २

२०१० विषयी मान्य. परंतु २००७ च्या हंगामानंतर महाव्यवस्थापक ब्रायन कॅशमन यांनी जीटरला क्षेत्ररक्षण सुधारावे लागेल असे स्पष्ट सांगितले, तेव्हा तो रुसून बसला नाही. त्याने व्यायामाची पद्धत बदलली, आडव्या हालचालींवर मेहनत घेतली, आणि २००९ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्याचे क्षेत्ररक्षण आधीच्या वर्षांपेक्षा स्पष्टपणे चांगले होते. त्या वर्षी यांकीज विजेते ठरले. जागा बदलण्याऐवजी माणूस बदलू शकतो, हा पर्याय आपण विचारातच घेतलेला नाही.

धागाकर्ता

२००९ पुरते मी माझे म्हणणे मागे घेतो. मात्र आपल्याच दाखल्यातून माझा आक्षेप आता संघव्यवस्थापनाकडे वळतो. जो खेळाडू सांगितल्यावर तिशी उलटून गेल्यावरही सुधारतो, त्याला २००४ मध्ये, रॉड्रिगेझ दारात उभा असताना, हे सांगण्याचे धैर्य कोणी का दाखवले नाही?