मुलीचं हिमोग्लोबिन ८.९, लोहाची गोळी पोटाला सोसत नाही, मदत हवी आहे

शेवंती: लेकीचं हिमोग्लोबिन ८.९ आलंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दहा दिवस झाले. रोज मळमळ, पोटात दुखतं, शी काळी होते. दहावीचं वर्ष आहे आणि संध्याकाळी पुस्तक उघडलं की झोपते. गोळी बंद करून दुसरं काय देऊ? लवकर सांगा.

खडीसाखर: बीट-गाजराचा रस, रोज अनशापोटी. गोळ्यांची गरजच नाही.

पांढरा कोट: आधी सांगा, गोळी कोणती, किती मिलिग्रॅम, कधी आणि कशाबरोबर घेते? रिपोर्टमध्ये एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि आरबीसी (लाल पेशींची संख्या) किती? पाळी कशी आहे? लोहाने शी काळी होतेच, त्याला घाबरू नका. डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असेल तर मात्र लगेच दाखवा.

कोकणी माणूस: शाळेत दर आठवड्याला निळी गोळी मिळते की, तीच द्या.

पांढरा कोट: ती प्रतिबंधासाठी आहे. आठवड्यातून एकदा ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. ८.९ ला तेवढ्याने भागत नाही.

शेवंती: फेरस ॲस्कॉर्बेट १००. सकाळी सातला क्लासला जाताना चहा-बिस्किटाबरोबर, सोबत कॅल्शियमची. एमसीव्ही ६८, आरबीसी ४.१.

मेतकूट: घोटाळा इथेच आहे! चहातली टॅनिन्स लोहाला धरून ठेवतात, कॅल्शियमही आड येतं. निम्मं औषध वाया आणि पोटाला त्रास तेवढाच. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, कॅल्शियम दोन तास लांब. रात्री जेवणानंतर दोन तासांनी अर्ध्या लिंबाच्या सरबताबरोबर द्या, मळमळ झोपेत निघून जाते. तरी सोसत नसेल तर दिवसाआड चालेल का ते डॉक्टरांना विचारा. गोळी पोटात गेली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं लोह अडवणारं संप्रेरक सुटतं आणि पुढचा साधारण दिवसभर आतडं लोह कमीच आत घेतं. त्यामुळे दिवसाआडच्या गोळीतलं लोह जास्त अंगी लागतं. मनाने बंद मात्र करू नका.

खडीसाखर: आणि बीट?

मेतकूट: १०० ग्रॅम बीटमध्ये १ मिलिग्रॅमही लोह नसतं. लाल रंगावर जाऊ नका. अळीव, नाचणी, लोखंडी कढईत चिंच घालून केलेली आमटी हे सगळं चांगलं, पण गोळीच्या जोडीला.

खडीसाखर: आजीच्या काळी गोळ्या कुठे होत्या?

मेतकूट: तेव्हा तपासणी तरी कुठे होती? पांढऱ्याफटक पोरींना ‘नाजूक’ म्हणायचे.

गुलबक्षी: केस गळत असतील तर बायोटिन सुरू करा.

पांढरा कोट: केसांचं कुणी विचारलेलं नाही. शेवंतीताई, एमसीव्ही भागिले आरबीसी, म्हणजे ६८ भागिले ४.१, साधारण १६.६. १३ च्या खाली असतं तर थॅलेसेमिया मायनरचा (आनुवंशिक रक्तदोषाच्या सौम्य प्रकाराचा) संशय आधी घेतला असता, इथे लोहाची कमतरताच वाटते. हा अंदाज झाला, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घ्या. गोळी अंगी लागली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान १ ने वाढायला हवं. बारावर पोचल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायची असते, साठा भरायचा असतो. पाळीचं तुम्ही सांगितलंच नाहीत.

शेवंती: ते पहिल्यापासून तसंच आहे म्हणून लिहिलं नाही. आठ-नऊ दिवस जाते. पहिले तीन दिवस दीड तासाला पॅड बदलावं लागतं, शाळेत एक जादा पंजाबी ड्रेस दप्तरात असतो.

पांढरा कोट: मग रक्त तिथूनच जातंय. सात दिवसांच्या वर आणि दर एक-दोन तासांनी पॅड, म्हणजे अतिरक्तस्राव. तो थांबला नाही तर गोळ्या पुऱ्या पडणार नाहीत. पहिल्या पाळीपासूनच असं असेल तर रक्त गोठण्याचा दोषही बघावा लागतो, व्हॉन विलेब्रँड या रक्त गोठायला लागणाऱ्या प्रथिनाची तपासणी असते. घोळणा फुटतो का? हिरड्यांतून रक्त? खरचटलं तर लवकर थांबतं?

शेवंती: घोळणा उन्हाळ्यात बरेचदा फुटतो. दात पडले तेव्हाही रात्रभर उशी लाल व्हायची.

पांढरा कोट: हे सगळं तसंच कागदावर लिहा, पाळीच्या तारखा, रोजचे पॅड, घोळणा, दात. या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पोटात दुखलं तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. तासाला एक पॅड भिजू लागलं किंवा उभी राहताना चक्कर आली, तर त्याच दिवशी रुग्णालयात. आणि घरात लहान मूल असेल तर गोळ्यांची पट्टी उंचावर ठेवा, चार-दोन गोळ्याही त्याला धोक्याच्या.

शेवंती: धाकटा तीन वर्षांचा आहे. पट्टी फ्रिजवर होती, कपाटात टाकली. उद्या नंबर लावते.