जुनी नेटवर्क पुसण्याऐवजी अग्रक्रम द्यावा
लॅपटॉप नको त्या वायफायला जोडला जातो म्हणून जुनी नेटवर्क पुसून टाकावीत, हा उपाय लागू पडतो खरा. पण त्यासोबत साठवलेला पासवर्डही जातो. लिनक्सवर नेटवर्कच्या जोडण्या सांभाळणारा 'नेटवर्कमॅनेजर' हा प्रोग्रॅम वापरत असाल, तर टर्मिनलमध्ये चालणाऱ्या त्याच्या 'एनएमसीएलआय' (nmcli) या साधनाच्या 'कनेक्शन मॉडिफाय' या आज्ञेने प्रत्येक नेटवर्कच्या 'ऑटोकनेक्ट-प्रायॉरिटी'ला, म्हणजे आपोआप जोडण्याच्या अग्रक्रमाला, उणे ९९९ ते ९९९ यांतला आकडा देता येतो. मुळात तो ० असतो आणि मोठा आकडा असलेले नेटवर्क आधी निवडले जाते. आकडे सारखे असतील, तर अलीकडे वापरलेले पुढे येते.

राजारामपुरीतल्या घरी माझ्या लॅपटॉपला राउटर आणि मोबाइलचा हॉटस्पॉट दोन्ही दिसतात, म्हणून राउटरला ५० आणि हॉटस्पॉटला १० दिले आहेत. मात्र हा अग्रक्रम जोडणी होतानाच पाहिला जातो, हे ध्यानात ठेवणे फार गरजेचे आहे. वीज जाऊन राउटर बंद पडला आणि लॅपटॉप हॉटस्पॉटवर गेला, की वीज परतल्यावरही तो आपणहून राउटरकडे वळत नाही. 'कनेक्शन अप' ही आज्ञा देऊनच त्याला तिकडे आणावे लागते. हॉटस्पॉटला 'मीटर्ड' (मोजका डेटा असलेले) अशी नोंदही करावी, म्हणजे ती पाळणारे प्रोग्रॅम मोठे अपडेट उतरवून डेटा संपवत नाहीत.